बॉयलरला विसरू नका

'सिनेमा असो की पुस्तक, शेवटी जॅक मरतोच, मग फरक काय पडतो?' असं 'द शायनिंग' या भयकथेबद्दल वर कुणीतरी लिहिलंय. फरक पडतो की! कुब्रिकच्या १९८० च्या 'द शायनिंग' सिनेमात तो, म्हणजे हिवाळ्यात बंद हॉटेल सांभाळायला आलेला जॅक, भूलभुलैयात गारठून मरतो. स्टीफन किंगच्या १९७७ च्या कादंबरीत मात्र बॉयलर फुटून अख्खं हॉटेलच जातं, आणि त्याची तयारी अगदी सुरुवातीपासून आहे. तळघरातला जुनाट बॉयलर, गुपचूप चढत राहणारा दाब, तो हातानं उतरवायचा. मी चिकोडीकडं साखर कारखान्यात बॉयलरवर आहे. गळीत हंगामात रात्रपाळीला गेजचा काटा लाल रेघेकडं सरकला की झोप कुठल्या कुठं उडते, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह सुटला की शेजारचा माणूस काय ओरडतोय तेही ऐकू येत नाही. त्यामुळं मला त्या पुस्तकात २१७ नंबरच्या भुताटकीच्या खोलीपेक्षा (सिनेमात ती २३७ झाली) तळघराचीच जास्त धास्ती वाटली. भुतं येतील न येतील, दाब चढणारच.

शिवाय तो शेवट पडद्यावर नंतर आलाय. १९९७ च्या मालिकेत आहे, तिची पटकथा खुद्द किंगची. जरा लांबट वाटते. पण २०१९ चा 'डॉक्टर स्लीप' हा पुढच्या भागाचा सिनेमा बघाच. किंगच्या त्याच नावाच्या कादंबरीत हॉटेल कधीच जळून गेलेलं असतं. सिनेमाला मात्र कुब्रिकचं हॉटेल उभंच मिळालं, म्हणून दिग्दर्शक फ्लॅनागननं पहिल्या पुस्तकातला बॉयलर इथं वापरून ते जाळलं. किंग आणि कुब्रिक दोघांनाही सांभाळायची चलाखी, पण जमलीय झकास.