‘स्पॉटलाइट’ला काय म्हणाल? पाळी, झोत की आणखी काही?

ठाण्यात तलावपाळीजवळ आम्ही पाचजण दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा पात्रं घेऊन गोष्ट रचत जायचा टेबलावरचा खेळ खेळतो, मराठीतून. मी डीएम, म्हणजे प्रसंग रचून खेळ चालवणारा. फासा, वार, मोहीम हे शब्द रुळले, ‘स्पॉटलाइट’ला, म्हणजे सगळ्यांचं लक्ष एका पात्रावर असण्याला, अडलोय. परवा खेळ संपल्यावर एक मैत्रीण म्हणाली, ‘‘आज माझं काहीच झालं नाही.’’ दुसरा म्हणाला, ‘‘प्रत्येक फेरीत तुझी पाळी आली होती की!’’ दोघंही खरं बोलत होते. मग तिला मिळालं नाही ते काय?

प्रतिसाद १
पाळी म्हणजे ठरलेला क्रम: नळावरची पाळी, रात्रपाळी. लढाईत वीस बाजूंचा फासा टाकून इनिशिएटिव्ह, म्हणजे कोणी कोणानंतर खेळायचं ते, ठरतं, तिथे पाळीच बरोबर. पण दरबारात बोलणी चालू असताना क्रम नसतो. आधी तोंड उघडेल त्याचा प्रसंग. (तलावपाळीतली पाळी काठाची, कानाची पाळीही तशीच, कड या अर्थाची.)

प्रतिसाद २
लपाछपीतलं ‘राज्य’ कसं वाटतं?

प्रतिसाद ३
राज्य नको. ते आलं की पोरं रडतात. मी ‘झोत’ म्हणेन. ‘प्रकाशझोतात येणे’ला प्रसिद्धीचा वास आहे, पण ‘झोत वळवणे’ चांगलं आहे. गडकरी रंगायतनात झोत नटाच्या हातात नसतो, टेबलावर तो बराचसा डीएमच्या हातात असतो. २०२५च्या ‘डॅगरहार्ट’ या अशाच खेळामध्ये इनिशिएटिव्ह नाहीच, स्पॉटलाइट फिरता. हवं तर प्रत्येकापुढे तीन टोकन ठेवायची, कृती केली की एक काढायचं, सगळ्यांची संपली की पुन्हा भरायची.

मूळ प्रश्नकर्ता
टोकनं आवडली, पण मोजतात ती कृतीच. म्हणजे पुन्हा पाळी. मैत्रिणीचं पात्र वैदूचं आहे. मी त्या दिवशी एकामागून एक तीन लढाया ठेवल्या. तिने तलवार चालवली, झाडपाल्याचं ज्ञान पोतडीतच राहिलं. नाटकाबद्दल आपण म्हणतो ना, ‘भूमिका मोठी होती, पण अभिनयाला वाव नव्हता’? तेच झालं. तिला वाव नव्हता. मिनिटं सारखी वाटून तो मिळाला नसता, कारण तो प्रसंगात असावा लागतो आणि प्रसंग मी लिहितो.

तेव्हा खेळताना ‘झोत वळवणे’ आणि तयारी करताना ‘वाव ठेवणे’, असे दोन शब्द मी वापरणार. पुढच्या रविवारच्या टिपणात प्रत्येक पात्रापुढे ‘वाव’ असा रकाना आखलाय. तिच्या रकान्यात लिहिलंय: गावात तापाची साथ.