तडा नेहमी घाईचाच असतो असं नाही

धागालेखिकेने भट्टीत दोन काचा एकजीव करून बनवलेलं पेंडंट तडकलं ते भट्टी लवकर उघडली म्हणून, असं वर दोघांनी म्हटलंय. एरवी पटलं असतं, पण फोटो मोठा करून बघा: तडा वरच्या निळ्या तुकड्याच्या अगदी कडेकडेने फिरलाय. असा तडा दिसला की मला आधी संशय येतो तो दोन काचा न जुळल्याचा. धागालेखिकेने खालच्या काचेसाठी नौपाड्यातल्या फ्रेमवाल्याकडचे उरलेले तुकडे वापरलेत, म्हणजे साधी खिडकीची काच. तिचा प्रसरणांक (काच तापल्यावर किती फुगते आणि थंड होताना किती आकसते त्याचा आकडा) नव्वदच्या खालीच असतो आणि वरची निळी 96 ची. 800 अंशांच्या आसपास दोन्ही झकास एकजीव होतात, भांडण सुरू होतं ते थंड होताना. मग भट्टी रात्रभर न उघडता ठेवली तरी काय उपयोग?

दिवाळीच्या स्टॉलआधी एक तपासणी जरूर करा, फुकटात होते. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडायचं, पोलराइज्ड गॉगलची काच डोळ्यासमोर धरून स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवायची आणि मध्ये पेंडंट धरायचं. जोडाच्या कडेला उजेडाची झालर दिसली तर काचेत ताण आहे, तो नग विकू नका. (अपारदर्शक काचेला हे चालत नाही. तिथे त्याच काचेचा छोटा तुकडा पारदर्शक काचेवर भाजून बघावा लागतो.) फ्रेमवाल्याची काच स्वस्त पडते हे खरंच, पण मग वरचा तुकडाही त्याच तावातला घ्या आणि रंगासाठी काचेवर भाजायचे रंग वापरा.