अपटाइम कुमा १.२३ वरून २.० वर जावे का?

प्रश्न
आमच्या संस्थेच्या अकरा संकेतस्थळांवर लक्ष ठेवण्यासाठी मी दोन वर्षांपासून अपटाइम कुमा या सॉफ्टवेअरची १.२३ आवृत्ती डॉकरवर (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात, म्हणजे कंटेनरमध्ये चालवणाऱ्या साधनावर) चालवत आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये २.० आली आणि तीत मारियाडीबी या डेटाबेसची सोय झाली. सध्याची आवृत्ती सुरळीत चालू असताना हा बदल करावा का, आणि जुन्या नोंदी टिकतील का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

उत्तर १
नोंदी टिकतात, पण त्यांची मांडणी बदलते. जुन्या आवृत्तीत प्रत्येक तपासणीच्या ओळींवरून संकेतस्थळ चालू असल्याची टक्केवारी काढली जाई. नव्या आवृत्तीत मिनिट, तास आणि दिवस यांनुसार एकत्रित आकडे साठवले जातात, त्यामुळे नोंदी वाढल्या तरी डॅशबोर्ड जड होत नाही. हे रूपांतर पहिल्यांदा सुरू करताना होते आणि त्याला बराच वेळ लागू शकतो. कंटेनर अडकला असे समजून तो मध्येच बंद करू नये. त्याआधी कंटेनर थांबवून डेटा फोल्डरची प्रत काढावीच, कारण जेसन या स्वरूपाच्या फाइलमधून बॅकअप घेण्याची सोय नव्या आवृत्तीत काढून टाकली आहे आणि मागे फिरायचे झाल्यास ती प्रतच कामी येईल. अकरा संकेतस्थळांसाठी मारियाडीबीऐवजी एसक्यूलाइट हा एकाच फाइलमधला साधा डेटाबेस पुरेसा आहे.

उत्तर २
वरील सल्ला योग्य आहे, तरी आवृत्तीपेक्षा तपासणीचा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. आमच्या एका संकेतस्थळाचा डेटाबेस रात्रभर बंद होता, पण सर्व्हर त्रुटीच्या पानासह २०० हाच (सर्व ठीक असल्याचा) कोड पाठवत असल्याने मॉनिटर सकाळपर्यंत हिरवाच राहिला. तेव्हापासून मी प्रत्येक ठिकाणी कीवर्डची (पानावर ठरावीक शब्द आहे का याची) तपासणी लावतो आणि तो शब्द डेटाबेसमधून येणाऱ्या मजकुरातलाच निवडतो.
संकेतस्थळाच्या सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या मुदतीची सूचनाही सुरू करावी. अशी प्रमाणपत्रे मोफत देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टने मुदत संपण्याच्या ईमेल सूचना ४ जून २०२५ पासून थांबवल्या आहेत, आणि सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, तर १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस ठरली आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. आमचा कुमा संकेतस्थळांच्याच सर्व्हरवर आहे. तो तसाच ठेवावा का?

उत्तर २
कृपया ठेवू नये. सर्व्हर बंद पडला, तर इशारा देणाराही त्याच्यासोबत बंद पडेल. दुसऱ्या कंपनीच्या छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) आधी डेटा फोल्डरची प्रत हलवावी आणि २.० तिथेच सुरू करावी. तिथले आकडे पटेपर्यंत जुना कंटेनर चालू राहू द्यावा.