गावरानी अंडी खरंच जास्त पौष्टिक असतात का? (नागपूर, मदत हवी आहे)

भिवापुरी_मिरची:
मुलगी १२ वर्षांची आहे. हिमोग्लोबिन ९.५ आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि निघताना "अंडी खाऊ घाला" म्हणाले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. सासूबाई उमरेडकडच्या. पोल्ट्रीचं अंडं म्हणजे इंजेक्शनचं अंडं, त्यात काही राम नाही, असं त्यांचं ठाम मत. गावरानीच आणायचं, आणि तेही कच्चं, दुधात फेटून.

गोकुळपेठेत गावरानी अंडं १५ रुपयांना पडतं, साधं ७ ला. रोज दोन म्हटली तरी महिन्याला पाचशेच्या घरात फरक. मुलीसाठी तेवढे देईन, पण त्यातून काय मिळतं ते कळू द्या ना. शिवाय ट्रेमधली सगळी अंडी एकाच मापाची, एकाच बदामी रंगाची दिसतात, तिथेच मला शंका येते. गोरेवाड्यात बर्ड फ्लूनं वाघ दगावले तेव्हापासून नवऱ्यानं चिकनही बंद केलंय, ते वेगळंच. जाणकारांनी सांगावं.

कुहीवाला:
ताई, शंका बरोबर आहे तुमची. आमच्या वाडीत कोंबड्या आहेत. अस्सल गावरानी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, थोडी दिली की खुडूक होऊन बसते. पोल्ट्रीची पांढरी लेगहॉर्न तीनशेच्या आसपास देते. आता मे महिन्यात, ४५ डिग्रीत, आमच्या कोंबड्या सावली धरून बसून राहिल्या आहेत, अंड्याचं नाव नाही. अशात बाजारात रोज ट्रेच्या ट्रे कुठून येऊन राहिले बाप्पा?

बदामी कवच जातीमुळे येतं, मोकळं फिरल्यामुळे नाही. बदामी अंडी देणाऱ्या जाती पिंजऱ्यातही असतात. काही जण तर पांढरी अंडी चहाच्या पाण्यात बुडवतात, ओल्या फडक्यानं घासून पाहा. पिवळा बलकही पुरावा नाही, खाद्यात मका किंवा झेंडूचा अर्क वाढवला की बलक केशरी होतो. खरं गावरानी अंडं लहान असतं, ४० ग्रॅमच्या आसपास, आणि एकासारखं दुसरं नसतं.

सेमिनरी_हिल्स:
पशुवैद्यक आहे, थोडं सविस्तर लिहितो.

प्रथिनं दोन्हीत सारखीच. उलट गावरानी अंडं लहान, म्हणून एका अंड्यामागे कमीच. कोलेस्टेरॉलमध्येही सांगण्यासारखा फरक नाही. कोंबडी खरोखर उन्हात फिरत असेल, गवत-किडे खात असेल तर बलकात ड आणि ई जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ जास्त सापडतं. हा फायदा खरा आहे, पण तो त्या कोंबडीच्या खाण्याचा आहे, 'गावरानी' पाटीचा नाही. मोकळी कोंबडी नाल्याकाठी, भंगाराशेजारी चरत असेल तर तिच्या अंड्यात शिसंही उतरू शकतं.

हार्मोनच्या इंजेक्शनची गोष्ट आजींना सोडून द्यायला सांगा. हजारो पक्ष्यांना रोज टोचणं परवडणारंच नाही. ब्रॉयलर ३५-४० दिवसांत दोन किलोचा होतो तो निवडक पैदाशीमुळे आणि खाद्यामुळे. चिंता करायची तर प्रतिजैविकांची करा. कोलिस्टिन या प्रतिजैविकावर कोंबड्या-जनावरांसाठी २०१९ मध्ये बंदी आली ती त्याचसाठी, अतिवापरानं जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

आता मुलीचं. एका अंड्यात लोह जेमतेम १ मिलिग्रॅम, आणि बलकातलं फॉस्व्हिटिन नावाचं प्रथिन ते धरून ठेवतं, त्यामुळे शरीराला त्यातलं फार थोडं लागतं. म्हणजे हिमोग्लोबिनसाठी गावरानी की पोल्ट्री हा वादच बाजूला ठेवा. प्रथिनांसाठी साधी अंडी द्या, उकडून. कच्च्या पांढऱ्यातलं अॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) अडवतं, पोट बिघडवणाऱ्या साल्मोनेला जंतूंची भीती वेगळी, आणि उकडलेल्या अंड्यातलं प्रथिन जास्त पचतं. दुधातला तो प्रकार बंदच करा. लोहासाठी आठवड्यातून एखादवेळी कलेजी, मटण, पालेभाजीवर लिंबू. जेवणासोबत चहा नको. गोळ्या मात्र डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस पूर्ण द्या, दोन महिन्यांत रक्त वाढलं म्हणून सोडू नका.

बर्ड फ्लूचं म्हणाल तर मांस आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं की विषाणू मरतो. आपल्या घरी रस्सा तासभर रटरटतो, काळजी नको. जंगली पक्ष्यांशी गाठ मोकळ्या कोंबड्यांचीच जास्त पडते, तेव्हा या बाबतीत गावरानी सुरक्षित असं काही नाही.

सावजीप्रेमी:
+१. गावरानी कोंबडा मी आणतो तो चवीसाठी. वयानं मोठा, पायपीट केलेला, म्हणून मांस घट्ट आणि चरबी कमी. सावजी मसाला त्यालाच पेलतो. आरोग्याचं म्हणाल तर वरून तरंगणारी तर्री पाहून डॉक्टरांनी मला आधीच झापलंय.

भिवापुरी_मिरची:
सगळ्यांचे आभार. सासूबाईंना प्रतिसाद वाचून दाखवले. "इंजेक्शन नसेल, पण चव नाही ती नाहीच," म्हणाल्या, आणि त्यावर मी काही बोलू शकले नाही. कच्चं द्यायचं मात्र त्यांनी सोडलं. पाचशे रुपये आता कलेजी-मटणाकडे वळवते. एक राहिलं: कलेजी ब्रॉयलरची चालेल का, की तीही गावरानीच शोधू?

सेमिनरी_हिल्स:
ब्रॉयलरची चालेल. १०० ग्रॅममध्ये ९ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. ताजी घ्या, आतून गुलाबी राहू देऊ नका. रोज मात्र देऊ नका, अ जीवनसत्त्व फार होतं.