मदत हवी आहे: डीबी स्पेक्ट्रम प्लसवर उभ्या रेघा, रॅमची कोणती चिप काढू?

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकात सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीच्या परवान्याने विकलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस (४८ के) हा घरगुती संगणक काकांनी मला दिलाय. त्याला ९ व्होल्ट डीसी लागतात, पण प्लगची मधली बाजू ऋण. घरी कुणीतरी राउटरचा, मधली बाजू धन असलेला अडॅप्टर लावला. तेव्हापासून चालू केल्यावर सिंक्लेअरची १९८२ वाली ओळ येत नाही.

सुरुवातीला रॅमच्या ४११६ चिपांच्या पिन ८ वर १२ व्होल्ट नव्हते आणि पिन १ वरचे उणे ५ तर गायबच होते. टीआर४ ट्रान्झिस्टर बदलला (झेडटीएक्स ६५१ घातला), टीआर५ तपासला, ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर ठीक आहे. आता तिन्ही व्होल्टेज बरोबर आहेत. टीव्हीला कंपोझिटने जोडलाय, चित्र स्थिर आहे. पण पडद्यावर दर आठ ठिपक्यांत डावीकडून तिसऱ्या जागी एक जास्तीची रेघ वरपासून खालपर्यंत दिसते. प्रत्येक ४११६ एकच बिट सांभाळते, म्हणून एखादीच चिप गेली असावी असं मला वाटतं.

माझ्याकडे मल्टिमीटर आणि सोल्डरिंग गन आहे, ऑसिलोस्कोप नाही. आठही चिपा उपसायच्या नाहीत, जुन्या बोर्डाचे ट्रॅक उचलले जातात आणि हा बोर्ड मला जपायचाय. त्याऐवजी ४१६४ ही रॅम चिप सुचवू नका, तिच्या पिना वेगळ्या आहेत.

या भारतीय बोर्डावर आयसी ६ ते १३ (म्हणजे या आठ ४११६ चिपा) यांचा क्रम ब्रिटिश बोर्डासारखाच आहे का, आणि डावीकडून तिसरा बिट नेमक्या कोणत्या चिपचा? शिवाय तपासलेली ४११६ पुणे-मुंबईत कुठे मिळेल?