मायरन कोहेन, एचपीटीएन ०५२ आणि उशिरा गोळ्या मिळालेली ८७७ जोडपी

सदाफुली (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं : ‘गोळ्या नियमित घेतल्या की एचआयव्ही जोडीदाराला लागत नाही, हे डॉक्टरांना आधीच माहीत होतं. कोहेनने नुसता शिक्का मारला आणि नाव कमावलं.’ तिथे अवांतर नको म्हणून मायरन कोहेन आणि त्यांची एचपीटीएन ०५२ ही चाचणी (एचआयव्हीच्या गोळ्यांनी जोडीदाराला होणारी लागण थांबते का, हे पाहणारी) यांच्यावर हा वेगळा धागा.

माझं म्हणणं उलट आहे. ‘माहीत होतं’ आणि ‘सिद्ध झालं’ यांतलं अंतर किती महागात पडतं, याचा चटका या माणसाला आधीच बसला होता.

कोहेन संसर्गजन्य रोगांचे डॉक्टर. येलमध्ये प्रशिक्षण, १९८०पासून चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात. मूळचा विषय परमा, म्हणजे गनोरिया. नव्वदच्या दशकात ते मलावीत काम करू लागले. तिथे त्यांच्या गटाला आढळलं की एचआयव्ही असलेल्या पुरुषाला गनोरियासारख्या गुप्तरोगाने मूत्रमार्गाचा दाह झालेला असेल, तर त्याच्या वीर्यात विषाणूचं प्रमाण सुमारे आठपट असतं. रक्तातलं प्रमाण मात्र दाह नसलेल्यांसारखंच. साधी प्रतिजैविकं दिली की दोन आठवड्यांत वीर्यातला आकडा उतरतो. १९९७मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

मग गुप्तरोगांवर उपचार करा, एचआयव्ही आटोक्यात येईल, असं कुणालाही वाटेल. टांझानियातल्या म्वांझाच्या चाचणीत (१९९५) नव्या लागणी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याही होत्या. पण युगांडातल्या राकाईत गावंच्या गावं औषधं वाटली आणि १९९९मध्ये निकाल आला : एचआयव्हीच्या लागणीत फरक नाही. प्रयोगशाळेतलं तर्कशास्त्र चोख, गावात निकाल शून्य.

हे पाहिलेला माणूस ‘गोळ्यांनी विषाणू कमी होतो, म्हणजे लागणही थांबणारच’ एवढ्यावर समाधान मानेल का? म्हणून एचपीटीएन ०५२. नऊ देश, १७६३ जोडपी, प्रत्येकात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही. आपल्याकडची केंद्रं पुणे आणि चेन्नई. पुण्याचं काम तेव्हा भोसरीच्या ‘नारी’कडे, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडे. बाधित जोडीदाराची सीडी-फोर (रक्तातल्या संरक्षक पेशींची मोजणी; एचआयव्ही वाढला की ती उतरते) ३५० ते ५५०च्या मध्ये. चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट : ८८६ जणांना गोळ्या लगेच, ८७७ जणांना सीडी-फोर २५०वर उतरल्यावर किंवा एड्सचा आजार दिसल्यावर. मे २०११मध्ये देखरेख समितीच्या सांगण्यावरून निकाल मुदतीआधी जाहीर झाला. बाधित जोडीदाराकडूनच झाल्याचं जनुकीय तपासणीत ठरलेल्या लागणी २८, त्यांपैकी लगेच गोळ्यावाल्या गटात १. म्हणजे ९६ टक्के घट. ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्या वर्षीचा सर्वांत मोठा शोध म्हणून याचीच निवड केली.

काठावरचा

मांडणी छान. पण तुमचंच शीर्षक पुन्हा वाचा. २८मधून १ वजा केला की २७ उरतात. हे २७ जण चाचणीत आले तेव्हा निरोगी होते, आणि त्यांच्या जोडीदाराला द्यायच्या गोळ्या जगात उपलब्ध होत्या.

राकाईचाच दुसरा अभ्यास २०००मध्ये आला होता : ४१५ जोडपी, आणि ज्याच्या रक्तात दर मिलिलिटरला १५००पेक्षा कमी विषाणू त्याच्याकडून एकही लागण नाही. त्याआधी १९९४मध्ये एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाने आईकडून बाळाला होणारी लागण २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणली होती. जानेवारी २००८मध्ये स्विस डॉक्टरांनी जाहीरच केलं की गोळ्या घेऊन सहा महिने विषाणू सापडत नसेल आणि दुसरा गुप्तरोग नसेल, तर लागण होत नाही. एवढं हाताशी असताना तीन वर्षं अर्ध्या जोडप्यांना थांबवून ठेवायचं? तेही बहुतांशी मलावी, झिंबाब्वे, भारत, ब्राझील अशा देशांतली. बॉस्टनचं केंद्र नावाला.

लॅबवाली

काठावरचा, भावना कळते. पण २००७चा भारत आठवा. सरकारी गोळ्या सुरू होऊन तीन वर्षं झाली होती (१ एप्रिल २००४ला सुरुवात) आणि बहुतेकांना त्या सीडी-फोर २००च्या खाली गेल्यावर मिळत. सीडी-फोर ४५० असलेल्या पुण्यातल्या माणसाला चाचणीबाहेर काय मिळालं असतं? ‘सहा महिन्यांनी या.’ उशिरा गोळ्यावाल्या गटालाही सरकारी नियमापेक्षा लवकर गोळ्या मिळत होत्या. शिवाय निरोध, समुपदेशन, तपासण्या.

आणि राकाई २००० हे निरीक्षण होतं. तिथे गोळ्या कुणालाच नव्हत्या. ज्याचा विषाणू निसर्गतःच कमी त्याच्याकडून लागण झाली नाही, एवढंच कळलं. गोळ्यांनी विषाणू उतरवला तर तसंच होईल, हे त्यातून निघत नाही.

   

नाना सिन्नरकर

नैतिकतेचं तुम्ही पाहून घ्या. माझा आक्षेप नावाला. शेकडो परिचारिका, समुपदेशक, तंत्रज्ञ आणि १७६३ जोडपी राबली, आणि धाग्याच्या शीर्षकात एकटे कोहेन! भोसरीत घरोघरी पाठपुरावा करणाऱ्यांची नावं कुणाला ठाऊक?

सदाफुली

नाना, मान्य, पण चाचणी उभी करायला आणि इतकी वर्षं तिचा निधी टिकवायला कुणीतरी हट्टी लागतोच.

काठावरचा, स्विस निवेदनाचं म्हणाल तर त्यावर तेव्हा जगभर टीकेची झोड उठली होती. कुठलंही आरोग्य मंत्रालय त्यावर पैसा ओतायला तयार नव्हतं. ०५२नंतर वारं फिरलं. आणि फक्त लागणीचं नाही. फुप्फुसाबाहेरचा क्षयरोग लगेच गोळ्यावाल्या गटात ३ जणांना झाला, उशिरावाल्यांत १७ जणांना. आपल्या देशात हा आकडा लहान नाही.

काठावरचा

क्षयाचा आकडा माझ्या बाजूने मोजा! १७ जणांना तो झाला तो वाट पाहताना.

लॅबवाली, ‘बाहेर तरी काय मिळालं असतं’ हा युक्तिवाद मला कायम खुपतो. गरीब देशातल्या सरकारची कंजुषी हीच संशोधकाची मोजपट्टी ठरते. नोव्हेंबर २००९मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गोळ्या सुरू करायची सीडी-फोर मर्यादा ३५० केली, महिन्याभरात अमेरिकेने ५००. उशिरावाला गट मे २०११पर्यंत थांबूनच राहिला. त्या दीड वर्षाचं समर्थन करा, मग बोलू.

लॅबवाली

त्या दीड वर्षाचं समर्थन मला पूर्ण करता येत नाही. पण २०१०मध्ये थांबवली असती तर आज आपण ‘घट नक्की किती’ यावर भांडत असतो आणि सर्वांना गोळ्या मिळणं आणखी लांबलं असतं. आपल्याकडे ‘सर्वांना गोळ्या’ धोरण आलं २०१७मध्ये, म्हणजे पुरावा हातात असूनही सहा वर्षांनी. पुरावा नसता तर?

मोगरा_मिरज

मी एआरटी केंद्रात (एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रात) समुपदेशक आहे. दोन्ही बाजू २०११वरच अडकल्यात. २०१६चा अंतिम निकाल पाहा : घट ९३ टक्के, आणि ज्यांचा विषाणू स्थिर दबलेला होता त्यांच्याकडून एकही लागण नाही. पण गोळ्या सुरू केल्यावरही ८ लागणी झाल्या. चार अगदी सुरुवातीला, विषाणू दबायच्या आधी. उरलेल्या चार उपचार फसल्यावर.

माझं सगळं काम या आठांत आहे. जोडपं विचारतं, ‘मॅडम, आता मूल होऊ द्यायला हरकत नाही ना?’ मी विचारते, व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या मोजणीचा, कागद कुठाय? सरकारी केंद्रांत ही तपासणी नियमित झाली ती २०१८पासून. त्याआधी आम्ही सीडी-फोर पाहून अंदाज बांधायचो. सीडी-फोर चांगली म्हणजे विषाणू दबला, असं नसतं.

म्हणून ‘९६ टक्के’ फलकावर लिहिलेलं मला आवडत नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नताल भागात हेच गावपातळीवर करून पाहिलं तेव्हा नव्या लागणी कमी झाल्या नाहीत; लोक तपासणी करून घ्यायचे, पण उपचारापर्यंत पोचत नव्हते. सदाफुली, गुप्तरोगांच्या बाबतीत तुम्ही सांगितलंत तेच इथे घडलं, आणि तुम्ही ते वगळलंत.

सदाफुली

वगळलं कारण ते गोळीचं अपयश नाही, व्यवस्थेचं आहे. राकाईत औषध पोचूनही फरक पडला नव्हता. इथे ते पोचलंच नाही.

मोगरा_मिरज

केंद्रावर गोळ्या संपल्या की रुग्णाला हा फरक समजावून सांगायला या. २०२२मध्ये तुटवड्यावरून रुग्ण दिल्लीत नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) कार्यालयापुढे धरणं धरून बसले होते. पंधरा दिवस गोळी चुकली तर त्या जोडप्याला मी निरोध वापरायलाच सांगते, आणि सांगत राहणार.

नाना सिन्नरकर

मॅडमना +१. काठावरचा, तुमच्या दीड वर्षाला अजून उत्तर आलेलं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.