डोंगर सहल 🏔️ फक्त घरचे

वहिनी: घरी सांगून दमले, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. विमानाने थेट ३,५०० मीटरवर उतरायचं आणि दुसऱ्याच दिवशी पहाटे खिंडीकडे निघायचं, हा कार्यक्रम मला मान्य नाही. मागच्या वेळी आत्यांचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय.

दादा: अगं, हे घरी बोलता आलं असतं.

वहिनी: बोलले. तुम्ही ‘बघू’ म्हणालात.

मामा: आत्याला पित्त झालं होतं. मला कुठे काय झालं? मी रोज पाच किलोमीटर चालतो.

आत्या: पित्त नव्हतं. डोकं फुटत होतं, रात्रभर उलट्या. तुम्ही घोरत होतात.

काका: ऑक्सिजनचे छोटे डबे मिळतात. प्रत्येकी दोन घेऊ 👍

ताई: मामा, चालण्याच्या सवयीने विरळ हवा सोसत नाही. उलट धडधाकट माणसं भरभर वर जातात आणि आडवी होतात. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर जुळवून घेतं, त्याला दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ बहुतेक वेळा ६ ते १२ तासांत सुरू होते. म्हणजे पहाटे गाडीत बसताना निम्मे लोक त्याच अवस्थेत असणार.

वहिनी: हेच सांगतेय. पहिले दोन दिवस जिथे उतरू तिथेच.

आत्या: बरं, माझे दोन रेनकोट कोणाकडे आहेत? मागच्या सहलीपासून परत आलेले नाहीत.

मामी: कोणाला म्हणताय? नाव घेऊन बोला.

आत्या: ज्यांनी नेले त्यांना कळलं.

भाची: जीन्स चालेल का?

ताई: नको. दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. समुद्रसपाटीला ३० असेल तर ३,५०० मीटरवर ७-८, वारा वेगळा. सुती कपडा घामाने ओला झाला की वाळत नाही आणि अंग गार पडतं. आत पटकन वाळणारं, मध्ये लोकर, वरून वारा-पाऊस अडवणारं. ऊनही वर जास्त भाजतं, बर्फावर तर डोळ्यांना त्रास होतो. काळा चष्मा प्रत्येकाचा स्वतःचा हवा.

काका: ऑक्सिजनचे डबे विसरू नका.

मामी: परतीला जंगलवाट आहे. जळवा?

मामा: माझं रक्त पिऊन जळवाच पळतील 😄

ताई: मोजे पँटवर ओढायचे. चिकटली तर नखाने तोंडाकडची बाजू हळूच सोडवायची. मीठ टाकायचं नाही, जाळायचं नाही. गोचीड असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. आधी सनस्क्रीन, त्यावर डास-कीटकांचं मलम.

वहिनी: जळवांचं झालं असेल तर पहिले दोन दिवस तिथेच, याचं काय?

दादा: वाहनवाल्यांना कळवलंय एकदा. सारखं बदलता येत नाही.

काका: डबे घेतले की दिवस वाया जायची गरजच नाही.

ताई: काका, तो डबा काही मिनिटांत संपतो. बसल्या जागी धाप लागली, पाय लटपटले किंवा बोलण्यात घोळ झाला तर ताबडतोब खाली उतरवायचं, रात्र असली तरी. डबा हुंगत थांबायचं नाही. आणि ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दिवसाला ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. खिंड ओलांडून पलीकडे राहणार आहोत, म्हणून विचारतेय. दादा, तो मुक्काम किती उंचीवर?

दादा: ४,२००.

आत्या: म्हणजे एका दिवसात सातशे! आणि मला ‘घाबरट’ म्हणता.

दादा: फोन करतो.

दादा: झालं बोलणं. खिंड चौथ्या दिवशी. पण ४,२०० च्या आधी एक मुक्काम मध्ये हवा, म्हणून तळ्याकाठची एक रात्र जाते.

भाची: तळं नको ना काढू 😭

मामा: मी तळ्यासाठीच येतोय!

वहिनी: मग सगळ्यांनी एक दिवस रजा वाढवा. रात्र वगळायचीच असेल तर परतीची वगळू.

काका: डबे तरी घेऊ या, असू देत.

ताई: घ्या. उंचीसाठीची गोळी, अॅसिटाझोलामाइड, आदल्या दिवसापासून घेतात. लघवी वाढते, बोटांना मुंग्या येतात, घाबरू नका. पण कोणाला सल्फा औषधाची अॅलर्जी आहे का, आज कळवा. मामा, तुम्ही अजून उत्तर दिलेलं नाही.

मामा: मला कसली अॅलर्जी?

मामी: यांना सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ आलं होतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलंय.

ताई: मामी, चिठ्ठीचा फोटो मला वेगळा पाठवा. मामांनी त्यांच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती गोळी घ्यायची नाही.